ताप मोजता, मग श्वासही मोजा! धाप लागलेल्या माणसाची धोक्याची लक्षणं घरच्या घरी अशी ओळखा

आरोग्य प्रतिनिधी, यवतमाळ

रात्रीचे साडेदहा वाजलेत. सहा-सात महिन्यांचं लेकरू तीन दिवसांपासून सर्दी-खोकल्याने बेजार आहे. ताप संध्याकाळीच उतरला, म्हणून घरच्यांना जरा हायसं वाटलंय. आई म्हणते, "आता झोपलंय, सकाळी नेऊ दवाखान्यात." आजी मात्र दिव्याजवळ लेकराचा अंगरखा वर करून पाहते आणि म्हणते, "बाई, याचं पोट उडून राह्यलंय. मले काही बरं दिसत नाही."

या घरात बरोबर कोण? आजी. ताप उतरला म्हणजे आजार उतरला असं नसतं. ते लेकरू शांत झोपलंय की श्वास घेऊन घेऊन थकून पडलंय, हे कपाळाला हात लावून कळत नाही. ते कळतं छातीकडे पाहून.

आपण आजारी माणसाचा ताप पाहतो, जीभ पाहतो, फार तर नाडी पाहतो. श्वास मात्र कोणी मोजत नाही. खरं तर न्यूमोनिया असो, दमा असो, हृदयाचा त्रास असो की फवारणीची विषबाधा, धोका वाढायला लागला की बहुतेक वेळा सगळ्यात आधी श्वास बदलतो. तो मोजायला मशीन लागत नाही, डिग्री लागत नाही. एक मिनिट लागतं आणि खिशातल्या मोबाईलमधलं घड्याळ लागतं.

झरी जामणी, मारेगाव, घाटंजीकडच्या आतल्या गावांतून मोठा दवाखाना गाठायला वेळ लागतो. म्हणून "आत्ता निघायचं की सकाळी" हा निर्णय घरातच, रात्रीच घ्यावा लागतो. तो निर्णय अंदाजाने न घेता नीट पाहून कसा घ्यायचा, त्याची ही माहिती.

गडचिरोली जिल्ह्याने शिकवलेला धडा

श्वास मोजून जीव वाचतो, ही नुसती सांगायची गोष्ट नाही. आपल्या विदर्भातच ती सिद्ध झाली आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८० च्या दशकाच्या शेवटी गडचिरोली जिल्ह्यातल्या ५८ गावांमध्ये एक प्रयोग केला. गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि दायांना लेकरांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही. खोकला आहे का आणि श्वास मिनिटाला किती, एवढंच पाहायचं. न्यूमोनिया वाटला तर गावातच औषध सुरू करायचं.

अडचण अशी होती की बऱ्याच दायांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पन्नास-साठपर्यंत आकडे मोजणंही कठीण. त्यावर एक साधी युक्ती निघाली. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत सरकवायचे मणी. वाळू संपेपर्यंत मणी किती सरकले, त्यावरून श्वास जास्त आहे की नाही ते कळायचं.

निकाल १९९० मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्या गावांत हे काम झालं तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू, काम न झालेल्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. शाळेची पायरी न चढलेल्या दाईला जे जमलं, ते हातात स्मार्टफोन असलेल्या आपल्याला जमायला काय हरकत आहे?

श्वास मोजायचा कसा?

पद्धत सोपी आहे, पण घाईत केली तर आकडा चुकतो.

१. लेकरू शांत असताना मोजा. रडताना, अंगावर पिताना, नुकतंच खेळून आल्यावर मोजू नका. आईच्या मांडीवर निजलेलं असेल तर सगळ्यात चांगलं.

२. अंगरखा वर करा. छाती आणि पोट दोन्ही दिसलं पाहिजे. उजेड भरपूर हवा. लाईट गेली असेल तर मोबाईलचा टॉर्च बाजूने धरा, लेकराच्या डोळ्यांवर नको.

३. मोबाईलमध्ये एक मिनिटाचा टायमर लावा. पोट किंवा छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास.

४. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान लेकराचा श्वास मध्येच जलद, मध्येच हळू होतो, त्यामुळे हिशोब चुकतो.

५. आकडा जास्त आला तर थोडं थांबून पुन्हा एकदा मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा तर दुसऱ्यांदा मोजायलाच हवा.

मोठ्या माणसाचा श्वास मोजताना त्याला सांगू नका. "तुमचा श्वास मोजतो" म्हटलं की माणूस मुद्दाम सावकाश श्वास घ्यायला लागतो. त्याचं मनगट धरून नाडी पाहतोय असं दाखवा आणि नजर छातीवर ठेवा. दवाखान्यातल्या सिस्टरसुद्धा असंच करतात.

किती श्वास म्हणजे जास्त?

खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या लेकरासाठी हे आकडे पाठ करून ठेवा. आशाताईंना प्रशिक्षणात हेच शिकवतात.

• २ महिन्यांच्या आतलं बाळ: मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त
• २ महिने ते १ वर्ष: ५० किंवा त्याहून जास्त
• १ ते ५ वर्षं: ४० किंवा त्याहून जास्त

एवढे श्वास भरले तर त्याला जलद श्वास म्हणायचं. न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास जलद असेल तर त्याच दिवसाचीही वाट पाहू नका, लगेच निघा. एवढ्या लहान बाळाचा आजार काही तासांत बिघडतो. त्यातून अशा बाळाला ताप यायलाच पाहिजे असंही नाही. उलट अंग गार पडणं, दूध न ओढणं, हालचाल मंदावणं हीच त्याची लक्षणं असतात.

मोठा माणूस आरामात बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. बसल्या जागी २५ च्या वर जात असेल तर सावध व्हा. ३० च्या पुढे गेला तर गाडीची सोय करा.

ताप जास्त असेल तेव्हा श्वास थोडा वाढतो, हे खरं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं तापाचं औषध देऊन, ताप उतरल्यावर पुन्हा मोजता येतं. पण पुढे दिलेली धोक्याची लक्षणं दिसत असतील तर ताप उतरायची वाट पाहायची नाही.

आकड्यापेक्षाही मोठी खूण: छाती आत ओढली जाणं

नीट श्वास घेणाऱ्या लेकराची छाती आणि पोट, दोन्ही श्वास घेताना वर येतात. न्यूमोनिया वाढला की फुप्फुसं कडक होतात, हवा आत ओढायला जोर लागतो. मग श्वास घेताना पोट वर येतं, पण बरगड्यांच्या खालचा भाग आत जातो, तिथे खड्डा पडतो. आपल्याकडे लोक याला 'पोट उडतंय' किंवा 'छाती ओढतंय' म्हणतात. आजीला दिव्याच्या उजेडात दिसलं ते हेच.

हा खड्डा प्रत्येक श्वासाला, लेकरू शांत असतानाही पडत असेल तर तो आजार साधा राहिलेला नाही. सोबत या खुणाही पाहा:

• नाकपुड्या फुलणं.
• प्रत्येक श्वास सोडताना "हं... हं..." असा कण्हल्यासारखा आवाज.
• श्वासागणिक मान हलणं.
• ओठ, जीभ निळसर किंवा राखाडी दिसणं. आपल्या सावळ्या वर्णावर निळेपणा चटकन दिसत नाही. म्हणून जीभ, ओठांची आतली बाजू आणि नखं उजेडात पाहा.

आणि या चार गोष्टींपैकी एक जरी असेल तर श्वास मोजत बसू नका, सरळ निघा: लेकरू दूध किंवा पाणी पिऊच शकत नाही, पोटात गेलेलं सगळं उलटून पडतं, झटके आले आहेत, किंवा लेकरू सुस्त पडलंय, हलवलं तरी नीट जागं होत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पोट उडायला लागलं की काही गावांत अजूनही दवाखान्याऐवजी दुसरीच वाट धरली जाते. मेळघाटात 'डंबा' म्हणून बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याचे प्रकार आजही उघडकीस येतात. करणाऱ्याची लेकरावर माया असते, यात शंका नाही. पण आजार असतो छातीत, पोटाच्या कातडीवर नाही. चटक्याने फुप्फुस मोकळं होत नाही, जखम मात्र होते आणि दवाखान्याचा वेळ जातो. ज्या डोळ्यांनी पोट उडताना ओळखलं, त्या डोळ्यांची पारख खरीच आहे. ओळखल्यावर पाय दवाखान्याकडे वळले पाहिजेत, एवढंच.

मोठ्या माणसाला एक साधा प्रश्न विचारा

घरातल्या मोठ्या माणसाला धाप लागली असेल तर त्याला विचारा, "सकाळपासून काय काय खाल्लं?" आणि उत्तर कसं देतो ते ऐका.

पूर्ण वाक्य एका दमात बोलला तर थोडी सवड आहे. दोन-तीन शब्द बोलून थांबतो, श्वास घेतो आणि मग पुढचे शब्द बोलतो, तर त्रास मोठा आहे. एकेक शब्दच निघतोय किंवा नुसती मान हलवतोय, तर एक मिनिटही घालवू नका.

मग बसण्याकडे पाहा. दम कोंडलेला माणूस आडवा होत नाही. खाटेच्या कडेला बसतो, हात गुडघ्यांवर टेकवतो आणि पुढे झुकतो. मानेच्या शिरा-स्नायू ताठ दिसतात, गळ्याच्या खालच्या खळीत खड्डा पडतो, कपाळावर घाम येतो. त्याला "आडवे व्हा, बरं वाटेल" असा आग्रह करू नका. त्याचं शरीर त्याला जसं बसवतंय तसंच बसू द्या.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. तासभर जोरजोरात धापा टाकणारा माणूस अचानक शांत होतो, श्वास सावकाश होतो, डोळे मिटायला लागतात. घरचे म्हणतात, "लागला बुवा डोळा, आराम पडला." थांबा! आराम पडलेला माणूस हाक मारली तर ओ देतो, नीट बोलतो, त्याचा रंग सुधारलेला असतो. थकलेला माणूस बरळतो किंवा ओ देत नाही. दम्याच्या रुग्णाच्या छातीतला शिट्टीचा आवाज बंद झाला आणि माणूस मात्र सुस्त आहे, तर दमा थांबलेला नाही. हवाच आत-बाहेर होईनाशी झाली आहे. ही सगळ्यात धोक्याची वेळ.

आवाज काय सांगतो?

श्वास सोडताना शिट्टीसारखा, सूं-सूं आवाज येतो तेव्हा छातीतल्या बारीक नळ्या आवळलेल्या असतात. दमा किंवा धुराने खराब झालेल्या फुप्फुसाच्या रुग्णांत हा आवाज येतो. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या, आयुष्यात कधी बिडी न ओढलेल्या बायांनाही हा दुसरा आजार होतो. "म्हातारपणाचा खोकला" म्हणून तो सोडून देऊ नका. दम्याच्या रुग्णाला डॉक्टरांनी पंप लिहून दिला असेल तर त्रास वाढताच तो द्या. 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज आहे. सवय लागत नाही. पण त्रास वाढलेला असताना पंप टाळला तर जीवावर बेतू शकतं.

श्वास आत घेताना घर्र किंवा कर्कश आवाज येतो तेव्हा अडथळा वर, गळ्याजवळ असतो. खेळता खेळता लेकरू अचानक ठसकलं, ताप-सर्दी काही नव्हतं आणि मग आवाज सुरू झाला, तर शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, सीताफळाची बी असं काही श्वासनळीत गेल्याची शंका घ्या. ते खोकत असेल, रडत असेल तर खोकू द्या आणि दवाखान्यात न्या. दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, वस्तू आणखी खोल जाते. आवाजच निघत नसेल तर पुढे झुकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारा. तरीही निघालं नाही तर वर्षावरच्या लेकराला मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्या. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर दाब द्यायचा नाही. त्याला पालथं, डोकं खाली करून पाठीवर थापा आणि मग उताणं करून दोन बोटांनी छातीच्या मधोमध पाच वेळा दाब द्यायचा.

आडवं झालं की धाप वाढते, रात्री दचकून उठून बसावं लागतं, पायांवर सूज येते, छातीत दडपण वाटतं, तर त्रास हृदयाचा असू शकतो. शुगरच्या रुग्णाचा श्वास खोल आणि जलद झाला, उलट्या होताहेत, पोट दुखतंय, तर त्याची शुगर फार वाढलेली असू शकते. दोन्हीत खोकल्याचं औषध देऊन उपयोग नाही, दवाखानाच गाठायचा.

शेतातल्या दोन गोष्टी

आपल्या जिल्ह्याने २०१७ चा हंगाम पाहिला आहे. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या वर्षी वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. फवारणारा माणूस घरी आला आणि त्याच्या तोंडाला लाळ सुटलीय, डोळ्यांतून पाणी येतंय, खूप घाम आहे, उलट्या होताहेत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्यात, छाती भरून आल्यासारखी घरघरतेय, तर ही ऊन लागल्याची लक्षणं नाहीत. अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, धुताना आपल्या हातात प्लास्टिकची पिशवी किंवा हातमोजे घाला. औषधाची बाटली किंवा तिच्यावरचं लेबल सोबत न्या. डॉक्टरांना विषाचं नाव कळलं की उपचार लवकर सुरू होतो.

दुसरी गोष्ट मण्यार सापाची. हा साप बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. सूज नाही, फारसं दुखत नाही, कधी कधी दाताची खूणही दिसत नाही. माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो. मग पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येत नाही, बोलणं जडावतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. इथे धाप दिसतच नाही. श्वास उथळ होत होत थांबतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे उघडेनात, तर साप दिसला नसला तरी सर्पदंश समजून दवाखाना गाठा. त्यावरची लस दवाखान्यातच मिळते, मांत्रिकाकडे नाही.

ऑक्सिमीटर कपाटात पडलाय का?

कोरोनाच्या काळात बऱ्याच घरांनी ऑक्सिमीटर घेतले. ते आता कपाटात सेल संपून पडले असतील. बाहेर काढा, सेल बदला. वापरताना मात्र चार गोष्टी पाळा. बोट गार असेल तर चोळून गरम करा. नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट घ्या. हात स्थिर ठेवा. आकडा उमटल्याबरोबर वाचू नका, अर्धा-एक मिनिट थांबून स्थिर झालेला आकडा घ्या.

आकडा ९४ च्या खाली असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या, ९० च्या खाली असेल तर लगेच दवाखाना. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांचा आकडा एरवीही कमी असू शकतो. त्यांनी आपला नेहमीचा आकडा डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावा.

पण ऑक्सिमीटरवर डोळे मिटून विश्वास नको. सावळ्या त्वचेवर हे मशीन कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. मशीन ९६ म्हणतंय आणि माणूस दोन शब्दही बोलू शकत नाही, तर माणसाचं ऐका, मशीनचं नाही.

१०८ ला फोन केल्यावर काय सांगायचं?

आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ पासून सुरू आहे. गरोदर माता आणि लहान बाळांसाठी १०२ आहे. फोन लागल्यावर "लवकर या, पेशंट सिरीयस आहे" एवढंच सांगितलं तर समोरच्याला काही कळत नाही. असं सांगा:

"बाळ सात महिन्यांचं आहे. तीन दिवस खोकला आहे. आता मिनिटाला ६४ श्वास मोजले. छाती आत ओढली जाते. दोन तासांपासून दूध घेत नाही. गाव अमुक, तालुका अमुक, बसस्टॉपजवळच्या मारुतीच्या देवळापाशी आम्ही उभे आहोत."

वय, किती दिवसांपासून, श्वासाचा आकडा, दिसणारी खूण आणि ठिकाण. एवढ्या पाच गोष्टींत सगळं आलं. दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टरांनाही हेच सांगा. जमलं तर निघण्याआधी लेकराच्या उघड्या छातीचा अर्धा-एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. वाटेत लेकरू रडायला लागलं की शांत असतानाचा श्वास डॉक्टरांना दिसत नाही, तेव्हा तो व्हिडिओ कामी येतो. मात्र व्हिडिओ कुणाला तरी पाठवून उत्तराची वाट पाहत घरी बसू नका.

गाडी येईपर्यंत काय करायचं, काय नाही

• बसवून ठेवा किंवा डोकं-खांदे उंच ठेवा. लेकराला मांडीवर अर्धवट उभं धरा.
• गळ्याजवळचे कपडे सैल करा. चुलीचा धूर, अगरबत्ती बंद करा. खाटेभोवतीची गर्दी पांगवा.
• शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच घोट घोट पाणी द्या. बाळ ओढत असेल तर अंगावर पाजा. सुस्त माणसाच्या तोंडात पाणी, चहा, औषध काहीही घालू नका.
• लेकराच्या नाकात तेल घालू नका. मोठ्यांचं खोकल्याचं औषध देऊ नका. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली वापरू नका.
• बेशुद्ध असलेल्या मोठ्या माणसाला कुशीवर वळवा. श्वासच थांबला आणि तो ओ देत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा, मदत येईपर्यंत.

घाई नाही, पण दुर्लक्षही नको

प्रत्येक खोकला धोक्याचा नसतो. लेकरू खेळतंय, पितंय, श्वास आकड्याच्या आत आहे, छाती ओढली जात नाही, तर साध्या सर्दीला घरची काळजी पुरते. दिवसातून दोन-तीनदा श्वास मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. कालचे ३६, आजचे ४४ असं दिसलं की सांगावं लागत नाही.

मोठ्या माणसाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, सोबत वजन घटतंय, संध्याकाळी ताप येतो, रात्री घाम येतो किंवा थुंकीत रक्त दिसतं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासा. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार सुरू असलेल्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात मिळतात.

आणि लसी चुकवू नका. न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावरची पीसीव्ही लस सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तिच्या तीन मात्रा. सोबतच्या पेंटाव्हॅलंट लसीतही न्यूमोनियाच्या दुसऱ्या एका जंतूपासून बचाव आहे. एखादी मात्रा राहिली असेल तर आशाताईंना विचारा.

आज रात्री एक काम करा. घरातलं सगळ्यात लहान लेकरू झोपलेलं असताना, काही आजार नसताना, त्याचा श्वास एक मिनिट मोजून पाहा. छाती कशी हलते, पोट कसं वर येतं, ते डोळ्यांत भरून घ्या. ज्याने चांगला श्वास पाहून ठेवलाय, त्यालाच बिघडलेला श्वास पहिल्या नजरेत कळतो. सुरुवातीच्या त्या आजीलाही तो कळला होता, कारण तिने पाच लेकरं आणि सात नातवंडं अशीच रात्र-रात्र न्याहाळली होती.

ही माहिती डॉक्टरांच्या तपासणीच्या जागी नाही. डॉक्टरांकडे कधी जायचं, हे कळावं म्हणून आहे. आकडे एका चिठ्ठीवर लिहा आणि घरात सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी चिकटवा: दोन महिन्यांपर्यंत ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०.